आलिशान कॅटामरानचा वेग: विक्रेत्याचे दावे कसे जोखायचे? सांगली-सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या पट्ट्यातून मला हे प्रश्न येत असतात. विचारणाऱ्यांत बेदाण्यात चार पैसे मिळवून मित्रांबरोबर बोटीत हिस्सा घ्यायला निघालेले आहेत, फुकेतला किंवा ग्रीसला आठवडाभर बोट भाड्याने घेणारे आहेत, आणि मर्चंट नेव्हीतून यॉटवर नोकरीला लागलेली आपली पोरंही आहेत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

सांगलीला समुद्र नाही. मग ही उठाठेव कशाला?

समुद्र दुसऱ्याचा असला तरी पैसे आपलेच जाणार आहेत. शिवाय वेगाचे बहुतेक दावे बोटीवर पाऊल न ठेवता, कॅल्क्युलेटर घेऊन विश्रामबागेत बसूनही तपासता येतात.

मल्टिहल म्हणजे नक्की कोणती बोट?

हल म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा सांगाडा. दोन हलांची कॅटामरान आणि तीन हलांची ट्रायमरान. इथे आपण साधारण साठ फुटांपासून पुढच्या, शिडांवर चालणाऱ्या, आत चार-पाच खोल्या, वातानुकूलन आणि स्वयंपाकी असलेल्या बोटींबद्दल बोलतो आहोत. फ्रान्समधल्या लगूनच्या बोटी, पोलंडच्या ग्दान्स्कमधल्या सनरीफच्या बोटी या ऐसपैस बाजूच्या. गनबोट, आऊटरिमर, चीनमधल्या शियामेनची एचएच या हलक्या आणि वेगवान बाजूच्या. २०११ मध्ये पाण्यात उतरलेली 'हेमिस्फिअर' तर तब्बल ४४ मीटरची आहे. या दोन टोकांच्या बोटींना एकच शब्द वापरतात, आणि वेगाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. हलक्या बोटीची कीर्ती ऐसपैस बोटीच्या माहितीपत्रकात अलगद जाऊन बसते.

माहितीपत्रकात '२० नॉटपेक्षा जास्त वेग' असं छापलंय. खरं धरायचं का?

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. पुढे जिथे मैल येतील ते सागरीच. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. हा आकडा साफ खोटा असेल असे नाही. कधीतरी, एखाद्या लाटेच्या उतारावर, मागून जोराचा वारा असताना, रिकाम्या बोटीने तो गाठलाही असेल. म्हणून आकडा ऐकला की चार गोष्टी विचारायच्या: वजन किती होते, वारा किती होता, वारा कोणत्या कोनातून होता आणि तो वेग किती वेळ टिकला. चारही उत्तरे मिळाली तर तो दावा समजायचा, नाहीतर ती जाहिरात. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नालाच विक्रेता चहा मागवतो.

काका, तुम्ही सारखं वजन वजन करता. एवढं काय आहे त्यात?

सगळे तिथेच आहे. एका हलाच्या यॉटला खाली कील, म्हणजे तोल सांभाळणारा शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंख असतो. कॅटामरानला तसा नसतो. ती रुंदीवर तोलते, आणि तिचे हल लांब-अरुंद असतात. त्यामुळे ती पाण्याला कमी ढकलते. साध्या बोटीच्या वेगाला तिच्याच लाटेचा बांध असतो. पाणरेषा, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची बोटीची लांबी, ५६ फूट असेल तर हा बांध साधारण १० नॉटवर येतो. अरुंद, हलके हल तो बांध फारसा न जाणवता ओलांडतात. म्हणजे कॅटामरानची सगळी पुण्याई हलकेपणाची आहे. तीत सामान भरले की ती पुण्याई संपत जाते.

आता कागदावरचे वजन पाहा. युरोपात आयएसओ ८६६६ या मानकात वजनाच्या वेगवेगळ्या अवस्था ठरवून दिल्या आहेत. त्यातल्या 'हलक्या' अवस्थेत माणसे, डिझेल, पाणी, किराणा, छोटी बोट यांतले काही धरत नाहीत. माहितीपत्रकात ठळक अक्षरात असते ते बहुधा हेच वजन. कारखान्याच्या फाटकातून उसाने खचाखच भरलेली ट्रॉली आत जाताना आणि तीच रिकामी होऊन बाहेर पळताना पाहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

साठ फुटी बोटीवर काय काय चढते बघा. दीड हजार लिटर पाणी म्हणजे दीड टन. दोन हजार लिटर डिझेल म्हणजे सुमारे १.७ टन. पाहुणे, खलाशी आणि त्यांच्या बॅगा मिळून टनभर. मागे टांगलेली छोटी मोटारबोट आणि तिची क्रेन. १२ मिलिमीटरची शंभर मीटर नांगरसाखळीच सव्वातीनशे किलोच्या आसपास भरते. मग जनरेटर, खारे पाणी गोडे करणारे यंत्र, वातानुकूलनाची यंत्रे, जेट स्की, डायव्हिंगच्या टाक्या. त्यातले बरेचसे 'पर्यायी' म्हणून यादीत असते, म्हणजे छापील वजनात ते नाही आणि विकत घेतलेल्या प्रत्येक बोटीवर मात्र आहे. दहा टन कधी चढले ते कळत नाही.

हे आकड्यात कसं मोजायचं?

ब्रूस नंबर काढा. शिडांचे क्षेत्रफळ चौरस फुटांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढा. वजन पौंडांत घेऊन त्याचे घनमूळ काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. एकच्या आसपास आकडा आला तर ती निवांत प्रवासी बोट, १.३ च्या वर गेला तर खरोखर पळणारी.

समजा एका ऐसपैस साठ फुटी बोटीची शिडे २०० चौरस मीटर, म्हणजे २,१५३ चौरस फूट, आणि कागदावरचे वजन २८ टन. ब्रूस नंबर येतो १.१७. बरा वाटतो. आता वर मोजलेले दहा टन चढवा आणि ३८ टनांनी तोच हिशोब करा. १.०६ येतो.

दुसरी बोट तेवढ्याच लांबीची, पण १६ टनांची, १९० चौरस मीटर शिडांची. तिचा आकडा १.३८. तिच्यावर चार टन चढवले तरी १.२८. म्हणजे भरलेली हलकी बोट रिकाम्या जड बोटीपेक्षा पुढे. दोन्हींच्या माहितीपत्रकात 'परफॉर्मन्स' हा शब्द सारख्याच अक्षरात असू शकतो.

एक खबरदारी: शिडांचे क्षेत्रफळ कोणते धरले ते विचारा. मुख्य शीड आणि रोजचे पुढचे शीड एवढेच धरा. काही जण हलक्या वाऱ्यातले भले मोठे कोड झिरो शीड त्यात मिळवतात. तसे केले की ब्रूस नंबर फुगतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

वजनामुळे थोडा वेग कमी झाला तर काय बिघडलं? आम्हाला शर्यत थोडीच जिंकायचीय.

वेगाचे सोडा, झोपेचे बघा. दोन हलांमधल्या डेकचा तळ पाण्यापासून किती उंच आहे, याला फार महत्त्व आहे. ढोबळ हिशोब असा: पाणरेषेला १८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असे दोन हल असतील, तर टोकाकडचा निमुळतेपणा वजा करून पाण्याच्या पातळीवर त्यांचे क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस मीटर भरते. अशा बोटीवर दहा टन चढवले की ती सुमारे २५ सेंटिमीटर खाली बसते. कागदावर तळाची उंची ९० सेंटिमीटर असेल तर उरली ६५. मग समोरून येणारी लाट तळावर आदळते. आवाज असा येतो की जेवणाच्या टेबलावरचे ग्लास नाचतात, आणि रात्री तुमची पलंगाची फळी दणकत राहते. कप्तान नाइलाजाने वेग कमी करतो. तो कमी झालेला वेग कुठल्याही आलेखात दिसत नाही.

बोट बघायला गेलात तर मागच्या पायऱ्यांपाशी वाका. हलाच्या खालच्या भागाला शेवाळ धरू नये म्हणून वेगळ्या रंगाचा थर दिलेला असतो. तो रंग जिथे संपतो, तिथून पाणी काही बोटे खाली असायला हवे. पुष्कळ बोटींवर उलटे दिसते: रंगाची कड पाण्याखाली, तिच्या वर पांढऱ्या हलावर हिरवट, बुळबुळीत शेवाळाची पट्टी, आणि सर्वांत खालची पायरी ओलीच. नखाने खरवडून बघा. ती पट्टी नवी नसेल तर बोट कायम इतकीच बुडालेली असते. एवढे पाहिल्यावर विक्रेत्याला वजन विचारायची गरज उरत नाही.

विक्रेत्यानं जीपीएसचा फोटो पाठवलाय. त्यावर २२.४ दिसतंय. फोटो तर खोटा नसेल ना?

फोटो खराच असेल. पण तो एका क्षणाचा आहे. लाटेच्या उतारावरून घसरताना दोन-चार सेकंद मिळालेला वेग आणि तासाभराची सरासरी यांत खूप अंतर पडते. दुसरे म्हणजे जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतो. पाणी स्वतःच वाहत असेल तर तेही त्यात मिळते. फ्लोरिडाजवळच्या गल्फ स्ट्रीममध्ये तीन-चार नॉट असेच फुकट मिळतात. फोटोत वाऱ्याचा वेग, वाऱ्याचा कोन आणि पाण्यातला वेग असे तिन्ही आकडे शेजारी दिसत असतील तर तो काही कामाचा. आणि इंजिन बंद होते का, हे विचारायला लाजू नका.

'२४ तासांत ३०० मैल' हा दावा कितपत शक्य आहे?

३०० ला २४ ने भागा: १२.५ नॉट, तेही रात्रंदिवस. हलक्या बोटीला, चांगले खलाशी आणि मागून स्थिर वारा असेल तर जमते. ऐसपैस, भरलेल्या बोटीला २०० मैल हा चांगला दिवस, २५० हा सांगत फिरण्यासारखा.

मोजमापासाठी दोन टोके लक्षात ठेवा. कमांडर अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात 'म्हादेई'वरून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ५६ फुटी, एका हलाची बोट, सुमारे २३,००० मैल, १५१ दिवस. सरासरी साडेसहा नॉटला जरा कमीच पडते, आणि ती जगाने मानलेली कामगिरी आहे. दुसऱ्या टोकाला 'बांक पॉप्युलेर ५' ही ४० मीटरची शर्यतीची ट्रायमरान. तिने २००९ मध्ये २४ तासांत ९०८ मैल कापले, म्हणजे जवळजवळ ३८ नॉटची सरासरी. तिच्यावर सोफा नव्हता. विक्रेता तुमच्या सोफ्याच्या बोटीला दुसऱ्या टोकाकडे सरकवत असतो, ती बसते मात्र पहिल्याच्या थोडी पुढे.

वाऱ्यापेक्षा जोरात बोट पळते म्हणतात. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि त्यात जादू नाही. बोट धावू लागली की तिच्या स्वतःच्या वेगाचा वारा समोरून मिळतो. खरा वारा १२ नॉट, बरोबर बाजूने. बोट ९ नॉटने चालली आहे. डेकवर जाणवणारा वारा १५ नॉट होतो आणि पुढे सरकून साधारण ५३ अंशांवरून येतो. बोट या वाढलेल्या वाऱ्यावर चालते. हलकी बोट मध्यम वाऱ्यात, बाजूने वारा घेत, वाऱ्याइतकी किंवा थोडी जास्तही पळते. ऐसपैस बोटीने खऱ्या वाऱ्याच्या निम्मा वेग दिला तरी तिला नावे ठेवू नका. 'वाऱ्याच्या वेगाने' हा दावा ऐकला तर विचारा, किती वाऱ्यात? आठ नॉटला खरे असलेले विधान पंचवीस नॉटला खरे राहत नाही.

वाऱ्याविरुद्ध जाताना कोणता आकडा बघायचा?

बोटीचा वेग बघू नका, वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष किती पुढे सरकलो ते बघा. एक बोट ८ नॉटने चालते, पण वाऱ्याशी ६० अंशांपेक्षा जवळ जात नाही. तिची खरी प्रगती ४ नॉट. दुसरी ७ नॉटनेच चालते, पण बाजूला घसरणे धरूनही ५० अंश साधते. तिची प्रगती साडेचार नॉट. वाऱ्याच्या तोंडावर ४० मैलांवरचे बंदर पहिलीला दहा तासांवर, दुसरीला नऊ तासांच्या आत. हळू बोट आधी पोहोचली.

हा फरक बहुधा खालच्या पंखांमुळे पडतो. वरखाली करता येणारे लांब डॅगरबोर्ड असतील तर बोट कमी घसरते. ठोकळेबाज छोट्या कील असतील तर जास्त. पण त्या छोट्या कीलवर बोट वाळूत टेकवता येते, देखभालही कमी. भाड्याच्या बोटींना त्याच बऱ्या.

पोलर आलेख दाखवतात ते काय असतं?

कोणत्या वाऱ्यात, कोणत्या कोनात किती वेग, याचा संगणकाने काढलेला अर्धगोल आलेख. सपाट पाणी, स्वच्छ तळ, नवी शिडे आणि ठरवलेले वजन धरून तो काढतात. आलेखाच्या कोपऱ्यात ते वजन लिहिलेले असते. नसेल तर मागून घ्या. मी स्वतः त्यातले दहा-पंधरा टक्के मनातल्या मनात कापूनच पुढे बोलतो.

वेगवान बोट उलटते का?

उलटू शकते, आणि कॅटामरान उलटली की स्वतःहून सरळ होत नाही. २०१८ च्या कॅरिबियन ६०० शर्यतीत 'फुजिन' ही ५३ फुटी वेगवान कॅटामरान साबा बेटाजवळ उलटली. माणसे वाचली. मोठ्या, जड, रुंद बोटीला हा धोका बराच कमी, तिथे वजन तुमच्या बाजूने असते.

धोका कळत नाही, ही खरी अडचण. एका हलाची बोट कलते आणि सांगते की आता बास. कॅटामरान सपाट राहते. मागून १८ नॉट वारा आणि बोट १० नॉटने पळते आहे, तेव्हा डेकवर फक्त ८ नॉटची झुळूक लागते आणि पाहुणे सेल्फी काढत असतात. काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळवली, की तीच झुळूक २४ नॉटची होते. वारा तिप्पट म्हणजे शिडांवरचा दाब नऊपट. म्हणून शिडे कधी कमी करायची, हे अंदाजावर न सोडता आकड्यांच्या तक्त्यावर ठरवतात. बोटीबरोबर हा तक्ता मिळाला नाही, तर तिच्या वेगावर बोलणेच बंद करा.

ट्रायमरान जास्त चांगली का?

ला रोशेलच्या नीलसारख्या बोटींनी ट्रायमरानमध्येही घर बसवून दाखवले आहे. वाऱ्याविरुद्ध तिचे वागणे गोड असते. वजनाचा नियम तिलाही तोच.

बोट कार्बनची आहे म्हणे. मग हलकीच असणार ना?

आधी आतला ओटा ग्रॅनाइटचा आहे का ते बघा.

सौर पॅनल आणि इलेक्ट्रिक मोटर, 'डिझेलशिवाय प्रवास'. हे पटतं का?

अर्धे पटते. दिवे, फ्रीज, पाणी, थोडे वातानुकूलन एवढे सौर विजेवर भागू शकते, आणि जनरेटरच्या घरघरीविना नांगरावर मिळणारी रात्र खरोखर सुखाची. पण हिशोब युनिटमध्ये करा, आपल्याला त्याची सवय आहे. समजा दिवसाला ४० युनिट वीज मिळाली आणि सहा नॉटने चालायला २० किलोवॉट लागतात. दोन तास, बारा मैल. पुढे वाऱ्याची वाट बघा. शिडांवर चालताना पाण्यातला पंखा फिरवून वीज बनवतात, तीही फुकट नसते, तेवढा वेग जातो. हे ज्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, त्याच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

'आमची बोट अटलांटिक रॅलीत पहिली आली' असं सांगतात.

१९८६ मध्ये सुरू झालेली 'एआरसी' ही रॅली कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाकडे जाते, सुमारे २,७०० मैल. तिच्या क्रूझिंग गटात इंजिन चालवायला परवानगी असते, ते तास नोंदवावे लागतात आणि निकालात त्यांची भरपाई करावी लागते. म्हणून पहिली कोणत्या गटात आली, आणि इंजिनाचे तास किती, हे विचारा. बंदरात आधी शिरणे आणि शिडांवर आधी पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी बोट घेत असाल तर हीच युक्ती वापरा. इंजिनाच्या मीटरवरचे तास आणि एकूण कापलेले मैल शेजारी मांडा. पाच वर्षांच्या 'वेगवान शिडाच्या बोटी'ची दोन्ही इंजिने मिळून हजारो तास चाललेली असतील, तर तिचा मालक शिडे कमी आणि डिझेल जास्त वापरत होता.

इथं सांगलीत बसून अजून काय तपासता येईल?

बोटीच्या एआयएस नोंदी. जहाजे आपला ठावठिकाणा रेडिओवर सांगत असतात, आणि किनाऱ्याजवळच्या नोंदी इंटरनेटवर बघता येतात. एका बेटावरून निघाल्याची आणि दुसऱ्यावर पोहोचल्याची वेळ घ्या, अंतर मोजा, भागा. त्याच मॉडेलच्या चार-पाच बोटींचे असे करा. रविवारची दुपार पुरते.

प्रचाराचे व्हिडिओ आवाज बंद करून बघा. मागे पाण्याचा फेस किती, शिडे किती उघडली आहेत, मागे छोटी बोट टांगलेली आहे का. बहुतेक वेळा नसते. आपल्या सातारा भागातले नौदलातून निवृत्त झालेले कोणी ओळखीचे असतील तर त्यांना शेजारी बसवा, त्यांची नजर आधी पाण्यावर जाते.

प्रत्यक्ष चाचणीला जायचंय. काय काय करू?

टाक्या निम्म्या तरी भरून घ्यायला सांगा आणि छोटी बोट जागेवर असू द्या. स्वतःचा जीपीएस न्या, फोनही चालेल. वारा १० ते १५ नॉट असेल असा दिवस मागा. वादळी वाऱ्यात कुठलीही बोट पळते, खरी पारख हलक्या वाऱ्यात होते. एकाच रेषेवर जाऊन परत या आणि सरासरी घ्या, म्हणजे प्रवाहाचा वाटा निघून जातो. प्रत्येक कोनात अर्धा तास द्या. वाऱ्याविरुद्ध दोन्ही बाजूंनी चालवा आणि नकाशावर उमटलेल्या रेषांमधला कोन मोजा. विक्रेत्याचा माणूस सतत सुकाणूवर असेल तर त्याला जेवायला पाठवा आणि तुम्ही किंवा तुमचा कप्तान धरा. शेवटी शिडे गुंडाळायला सांगा आणि किती माणसे लागतात ते मोजा. 'दोघांत चालते' असा दावा असेल तर बाकीचे हात बांधून उभे राहतात का, तेही दिसेल.

आठ दिवसांसाठीच भाड्यानं घ्यायची असेल तर?

मग यातले निम्मे विसरा. भाड्याच्या बोटी जड असतात, शिडे वापरून मऊ झालेली असतात, आणि तेच ठीक आहे. तळ शेवटचा कधी साफ केला, शिडे किती जुनी, आणि रोजचा पल्ला ३०-४० मैलांच्या आत बसतो का, एवढे विचारा.

नवी बोट बांधून घेताय, तर करारात काय लिहायचं?

वेगाची हमी मागू नका. वारा कुणाच्या ताब्यात नसतो, त्यामुळे ती हमी कधी सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. वजनाची मागा. बोट पहिल्यांदा पाण्यात सोडताना ती क्रेनने उचललीच जाते. तेव्हा तोलाच्या यंत्रावर वजन घ्यायचे, तुमच्या माणसासमोर, टाक्या रिकाम्या आणि तुम्ही निवडलेले सगळे पर्यायी सामान बसवलेले असताना. ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त चालेल आणि पुढच्या प्रत्येक टनाला किती कपात, हे आकड्यात लिहून घ्या. सुकाणूजवळच्या पाटीवर जास्तीत जास्त भार किलोमध्ये लिहिलेला असतो, तोही मागून घ्या आणि आपल्या सामानाच्या यादीशी ताडून बघा. बांधणारा याला राजी झाला तर शिडांच्या रंगाची चर्चा सुरू करायला हरकत नाही.